बारकोड वाचला जात नाही? स्कॅनर बदलण्याआधी त्याचा कोन बदला

पेठ नाक्यावरून सांगलीच्या रस्त्याला लागले की काही किलोमीटरवर ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) येते. वाळवा तालुक्याचे हे ठिकाण. साखर, दूध, एमआयडीसीतले लहान-मोठे कारखाने आणि आसपासच्या तालुक्यांतल्या द्राक्षबागा, असा हा पट्टा. इथून बाहेर पडणाऱ्या बऱ्याच मालाच्या खोक्यावर आता काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे लेबल असते. ते लेबल वाचायला बेल्टच्या कडेला डब्यासारखे एक यंत्र बसवलेले असते आणि त्यातून लाल रेषा पडत असते.

अशा कोणत्याही पॅकिंग लाइनवरचे हे चित्र ओळखीचे वाटेल. रात्रपाळी सुरू आहे, बेल्ट थांबतो, लाल दिवा लागतो. ‘ओ साहेब, परत वाचंना बघा,’ ऑपरेटर ओरडतो. सुपरवायझर येतो, खोका उचलून दोनदा रेषेसमोर फिरवतो, ‘टिंग’ होते, बेल्ट सुरू. तासाभरात हे दहा वेळा झाले की कोणीतरी पॅनेलवरचा ‘बायपास’ स्विच फिरवतो. सकाळी उत्पादनाचा आकडा पूर्ण असतो. त्यातले किती खोके नोंदीशिवाय गाडीत चढले, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही.

यानंतर सहसा दोनच निष्कर्ष निघतात. एक, स्कॅनर खराब आहे. दोन, ऑपरेटर लक्ष देत नाही. बहुतेक वेळा दोन्ही चुकीचे असतात. यंत्र चांगले असते, माणूसही चांगला असतो. ब्रॅकेट चुकीच्या ठिकाणी ठोकलेला असतो.

लाल रेषा नेमके काय करते?

बारकोडची कल्पना जुनी आहे. नॉर्मन जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोघा अमेरिकनांना १९५२ मध्ये तिचे पेटंट मिळाले. दुकानात ती प्रत्यक्ष यायला मात्र २६ जून १९७४ उजाडला. ओहायो राज्यातील ट्रॉय गावच्या सुपरमार्केटमध्ये त्या दिवशी च्युइंगमचे एक पाकीट स्कॅन झाले. मधली वीस-बावीस वर्षे गेली ती स्वस्त लेझर आणि संगणकाची वाट बघण्यात.

लेझर स्कॅनरमध्ये ‘रेषा’ नसतेच, असतो एक ठिपका. आत फिरणारा किंवा थरथरणारा आरसा तो ठिपका सेकंदाला काहीशे वेळा इकडून तिकडे नेतो आणि डोळ्याला रेषा दिसते. ठिपका पांढऱ्या जागेवर पडला की प्रकाश परततो, काळ्या पट्टीवर पडला की शोषला जातो. परतलेला प्रकाश एक संवेदक मोजतो आणि त्या चढ-उतारातून पट्ट्यांची रुंदी ओळखली जाते.

पुढच्या बहुतेक अडचणी या साध्या रचनेतूनच निघतात. प्रकाश लाल आहे, म्हणून लाल शाईत छापलेल्या पट्ट्या त्याला पांढऱ्याच दिसतात. लेबल ब्रँडच्या लाल रंगात छान दिसते म्हणून बारकोडही त्याच रंगात छापून आणणारे आजही भेटतात. तपकिरी खोक्यावर थेट छपाई केली की काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी होतो. सांगली म्हटले की हळद आलीच. ही पिवळी पूड लाल प्रकाशाला जवळजवळ पांढऱ्यासारखीच भासते. काळ्या पट्टीवर तिचा थर बसला की पट्टी फिकी पडते, आणि डोळ्याला मात्र लेबल ठीक दिसत असते.

समोरासमोर लावणे ही पहिली चूक

स्कॅनर बसवताना माणसाचा सहज कल असतो तो अगदी लेबलसमोर, काटकोनात धरण्याचा. नेमके तेच टाळायचे असते. गुळगुळीत लेबल, प्लास्टिकचे वेष्टन किंवा चिकटपट्टी आरशासारखी वागते. प्रकाश सरळ मागे येतो आणि संवेदक दिपून जातो. समोरून येणाऱ्या गाडीने अप्पर मारल्यावर आपल्याला रस्ता दिसत नाही, तसेच.

उपाय म्हणून स्कॅनर साधारण १५ अंश तिरका करायचा. पण कोणत्या दिशेने? इथे अनेकांची फसगत होते. लाल रेषा ज्या दिशेने पसरते त्याच दिशेने स्कॅनर वळवला, तर उपयोग फारसा होत नाही. रेषा पंख्यासारखी पसरलेली असते, त्यामुळे तिचा कुठला ना कुठला भाग पुन्हा लेबलला काटकोनात भिडतोच. चकाकी फक्त मधून कडेला सरकते. तिरकेपणा पट्ट्यांच्या उंचीच्या दिशेने हवा, म्हणजे परावर्तित प्रकाश रेषेच्या वर किंवा खाली निघून जातो. हे दोन वाक्यांत सांगता येते, पण ते ऑपरेटरला सांगितले जात नाही. मग महिन्याभरात कोणीतरी साफसफाईच्या वेळी डबा ‘सरळ’ करून ठेवतो. वाकडा दिसत होता ना!

अंतराचेही तसेच. प्रत्येक स्कॅनरला जवळची आणि लांबची अशी मर्यादा असते, आणि पट्ट्या जितक्या बारीक तितका तो पट्टा अरुंद. किरकोळ विक्रीच्या १३ अंकी बारकोडमध्ये सर्वांत बारीक पट्टी मूळ मापात ०.३३ मिलिमीटर असते. मोठ्या खोक्यावरच्या १४ अंकी कोडमध्ये ती साधारण एक मिलिमीटर. एकाच बेल्टवर दोन्ही आणायचे असतील, तर अंतर बारीक पट्टीच्या हिशेबाने ठरते. खोक्यांची उंची कमी-जास्त असेल तर स्कॅनर वरून लावण्यापेक्षा बाजूने लावावा आणि खोके मार्गदर्शक पट्टीने एका कडेला आणावेत. हे काम सुताराचे किंवा वेल्डरचे, पण त्याने जे साधते ते दुप्पट किमतीचा स्कॅनर घेऊनही साधत नाही.

शिडी की कुंपण?

आता थोडे गणित, कारण खरी गंमत इथे आहे. बेल्टवरून जाताना पट्ट्या दोन प्रकारे असू शकतात. कुंपणाच्या खांबांसारख्या एकामागून एक पुढे सरकणाऱ्या, किंवा शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक रचलेल्या. लाल रेषेने सगळ्या पट्ट्या ओलांडायच्या असल्याने कुंपणात रेषा बेल्टच्या दिशेने लागते आणि शिडीत त्याला आडवी.

समजा, बेल्टचा वेग मिनिटाला ३० मीटर, म्हणजे सेकंदाला ५०० मिलिमीटर आहे, आणि स्कॅनर सेकंदाला ५०० वेळा रेषा मारतो. लेबल ६० मिलिमीटर लांब आणि पट्ट्या २० मिलिमीटर उंच. शिडीच्या मांडणीत लेबल रेषेखालून २० मिलिमीटरच सरकते. त्याला लागतात ०.०४ सेकंद, म्हणजे वाचायचे २० प्रयत्न. कुंपणात रेषा २०० मिलिमीटर लांब असेल, तर संपूर्ण लेबल तिच्या आत राहण्याचा प्रवास १४० मिलिमीटरचा. प्रयत्न मिळतात १४०.

मग सरळ कुंपणच लावावे? तसेही नाही. कुंपणात ते सगळे १४० प्रयत्न पट्ट्यांच्या एकाच उंचीवरून जातात. नेमक्या त्या जागी प्रिंटरच्या हेडची पांढरी रेघ आली किंवा ओरखडा पडला, की १४० पैकी १४० नापास. शिडीत प्रयत्न कमी, पण प्रत्येक वेगळ्या उंचीवर. लेबल खराब येण्याची शक्यता असलेल्या ठिकाणी शिडी, आणि वेग जास्त पण छपाई स्वच्छ असेल तिथे कुंपण, असा साधारण विचार करता येतो. एकाखाली एक अनेक रेषा मारणारे स्कॅनरही मिळतात, ते कुंपणातली ही उणीव भरून काढतात.

आता यात मार्केटिंग विभाग येतो. लोगोला जागा हवी म्हणून बारकोडची उंची २० वरून ८ मिलिमीटर केली जाते. लांबी तीच, अंक तेच, डिझायनरच्या मते काहीच बिघडले नाही. शिडीत प्रयत्न मात्र २० वरून ८ वर आले. पुढच्या महिन्यात ऑर्डर वाढली म्हणून बेल्टचा वेग दुप्पट केला, उरले ४. निदान पाच-सहा प्रयत्न तरी मिळावेत, हा या कामातला साधा संकेत. शिवाय ६० मिलिमीटर लांबीच्या लेबलवर पट्ट्या २० मिलिमीटर उंच असताना लेबल साधारण १८ अंश वाकडे चिकटले तरी एखादी रेषा सगळ्या पट्ट्या ओलांडू शकत होती. उंची ८ झाली की ही मुभा साडेसात अंशांवर येते. लेबल हाताने चिकटवणाऱ्या बाईंचा हात कालही तितकाच स्थिर होता आणि आजही आहे. ‘नो रीड’ वाढले ते ऑफिसात घेतलेल्या दोन निर्णयांमुळे, आणि बोलणी बसतात ती त्या बाईंना.

पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा लागते, हेही असेच डिझाइनमध्ये गिळले जाते. खोक्यांवरच्या कोडसाठी ती सर्वांत बारीक पट्टीच्या किमान दहापट असावी. तिथे चौकट किंवा ‘नग १२’ असे काही छापले की कोड कुठे सुरू होतो हेच स्कॅनरला कळत नाही.

आकडा ९८ टक्के, म्हणजे चांगला?

दर चार सेकंदांना एक खोका धरला तर आठ तासांच्या पाळीत ७,२०० खोके होतात. ९८ टक्के वाचले गेले असे ऐकायला बरे वाटते, पण उरलेले दोन टक्के म्हणजे १४४ खोके. १४४ वेळा कोणीतरी बेल्टवर वाकणार, हातातला स्कॅनर घेऊन धावणार. तेच प्रमाण ९९.५ झाले तर ३६. कोन आणि अंतर जुळवायला अर्धा दिवस लागतो आणि खर्च जवळपास शून्य.

‘हाताने मारायला माणूस आहे की,’ हा युक्तिवाद इथे हमखास होतो. मजुरी स्वस्त आहे तोवर तो चालतोही. पण हाताने मारताना एकच खोका दोनदा किंवा शेजारचा चुकून मारला जातो, आणि घाईत ‘बायपास’ होतोच. साठ्याचा हिशेब जुळत नाही ही त्यातली लहान अडचण. उद्या एखाद्या बॅचबद्दल तक्रार आली, तर नेमके खोके परत मागवता येत नाहीत, सगळा लॉट मागवावा लागतो.

सांगलीच्या द्राक्ष उत्पादकांना हे वेगळे सांगायला नको. २००३ मध्ये कीडनाशकांच्या अंशांवरून भारतीय द्राक्षे युरोपात अडचणीत आली, आणि त्यानंतर अपेडाने ‘ग्रेपनेट’ ही माग काढण्याची व्यवस्था उभी केली. पेटी कोणत्या नोंदणीकृत बागेतली, हे मागे जाऊन सांगता येणे ही निर्यातीची अट झाली. औषधांमध्येही १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक झाला. माग काढण्याची साखळी कागदावर कितीही मजबूत असो, बेल्टवरचा एक न वाचलेला खोका ती तिथेच तोडतो.

बसवून झाल्यावर

काही गोष्टी थोडक्यात. स्कॅनरचा ब्रॅकेट बेल्टच्या सांगाड्यावर न लावता वेगळ्या खांबावर लावावा, नाहीतर मोटरच्या हादऱ्याने नट ढिले होतात. रेषा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर नको. बहुतेक स्कॅनर एक मिलिवॉटच्या आतल्या वर्ग २ चे असतात आणि पापणी मिटण्याइतका वेळ ते निर्धोक मानले जातात, पण मुद्दाम टक लावून बघायची ती वस्तू नव्हे. काच खांद्यावरच्या फडक्याने पुसू नये, ओरखडे कायमचे राहतात. साखरेची धूळ दमट हवेत चिकट होते, तिथे काच रोज पुसावी लागेल, तीही मऊ कापडाने. आणि जे कोड वापरात नाहीत ते सेटिंगमध्ये बंद ठेवावेत. खोक्यांवर चालणाऱ्या ‘इंटरलीव्ह्ड टू ऑफ फाइव्ह’ या प्रकारात रेषा तिरकी पडली तर अर्धाच कोड ‘बरोबर’ म्हणून वाचला जाण्याचा धोका असतो. अंकांची संख्या १४ अशी ठरवून दिली की तो टळतो. न वाचल्यापेक्षा चुकीचे वाचणे महाग पडते.

खरी उणीव नोंदीची आहे. कंपनीचा इंजिनिअर येतो, लॅपटॉप जोडतो, सगळे चालू करून संध्याकाळच्या गाडीने पुण्याला जातो. अंतर किती, कोन किती, सेटिंगची फाइल कुठे, हे कागदावर उरत नाही. खरेदीच्या ऑर्डरमध्ये स्कॅनरचा मॉडेल नंबर असतो, पण ‘इतक्या खोक्यांच्या चाचणीत इतके टक्के वाचले गेले पाहिजेत’ अशी अट सहसा नसते. ती घालून पैसे त्यावर अडकवले, तर इंजिनिअर एक दिवस जास्त थांबेल. राजारामनगरला १९८३ पासून आरआयटीसारखे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना एक महिना एका लाइनवर ‘नो रीड’ची कारणे मोजायला बसवले, तर कारखान्याला फुकटात निदान मिळेल आणि विद्यार्थ्यांना खरा प्रकल्प. चाचणी मात्र दुपारी चारनंतरही घ्यावी. पश्चिमेच्या शटरमधून तिरके ऊन थेट लेबलवर येते तेव्हा सकाळचा चांगला निकाल फिरलेला दिसतो.

लेझर घ्यावा की कॅमेरा?

लेझर स्कॅनरला फक्त पट्ट्या कळतात, क्यूआरसारखा चौकोनी कोड तो वाचूच शकत नाही. जगभरच्या दुकानांतली बिलिंग यंत्रे २०२७ च्या अखेरीपर्यंत चौकोनी कोडही वाचू शकतील, असे उद्दिष्ट जीएस१ या संस्थेने ठेवले आहे. भारतात ८९० ने सुरू होणारे क्रमांक देते ती याच संस्थेची भारतीय शाखा. (८९० म्हणजे माल भारतातच बनला असे नव्हे, कंपनीने नोंदणी इथे केली एवढेच.) त्यामुळे किरकोळ विक्रीचे पाकीट किंवा औषधाची पट्टी वाचायची असेल, तर आज नवा लेझर घेणे शहाणपणाचे नाही, कॅमेऱ्यावर चालणारा वाचक घ्यावा. कारखान्याच्या आतच फिरणाऱ्या, स्वतःच छापलेल्या पट्टी-लेबलच्या खोक्यांना मात्र लेझर अजून पुरेसा आहे, आणि आधीच बसवलेला असेल तर काढायचे कारण नाही. वर सांगितलेले बरेचसे कॅमेऱ्यालाही लागू आहे. चकाकी त्यालाही दिपवते आणि त्याच्याही काचेवर धूळ बसते. ऑर्डर काढण्याआधी माल घेणाऱ्याला एक फोन करून विचारावे, येत्या काळात खोक्यावर चौकोनी कोड मागणार आहात का, आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्यावे.