बादशाचं इन्सुलिन

गेल्या पावसाळ्यात आमचा बोका बादशा न्हाणीतल्या बादलीवर दोन पाय टेकून पाणी पिऊ लागला. मांजर हा तसा कमी पाणी पिणारा प्राणी. हा दिवसातून सात-आठ वेळा प्यायचा, तितक्याच वेळा मातीच्या ट्रेमध्ये जायचा, भातात कालवलेली मांदेली चाटूनपुसून संपवायचा आणि तरी वाळत चालला होता. सहा किलोंचा बोका साडेचारवर आला. अम्मी म्हणाली, "ह्याला शुगर झालीय." आम्ही हसलो. अम्मी स्वतः बारा वर्षं इन्सुलिन घेते, त्यामुळे तिला सगळ्यांनाच शुगर झालेली दिसते. या वेळी मात्र तिचं निदान डॉक्टरांच्या आधी बरोबर निघालं.

मी राहतो डहाणूत आणि नोकरी तलासरीच्या एका शाळेत. त्यामुळे शोध दोन्हीकडे सुरू झाला. पहिले डॉक्टर ओळखीचेच. बादशाच्या खाजेवर त्यांनी वर्षभरात दोनदा स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं. आताही तेच दिलं, वर टॉनिक. लठ्ठ, उतारवयाकडे झुकलेल्या बोक्याला स्टेरॉइडमुळे मधुमेह जडू शकतो, हे मला नंतर कळलं. त्यांना ते आधी माहीत असायला हवं होतं. त्यांचं नाव लिहीत नाही. माणूस वाईट नाही, गाईचं अडलेलं वासरू रात्री दोन वाजता चिखलात बसून सोडवणारा आहे. फक्त मांजर हा त्यांचा विषय नव्हे.

दुसरा दवाखाना गुजरात हद्दीपलीकडचा, एसी आणि काचेच्या दारांचा. कानातून रक्ताचा थेंब घेतला, साखर ३४० निघाली. "मधुमेह आहे, ॲडमिट करा." झालं. आता गंमत अशी की घाबरलेल्या मांजराची साखर मधुमेह नसतानाही तीनशेच्या घरात जाऊ शकते. बादशा त्याआधी तासभर टोपलीत कोंडलेला होता, महामार्गावरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकत. म्हणून एका आकड्यावर निदान करायचं नसतं. घरी गोळा केलेल्या लघवीत साखर उतरतेय का ते पाहायचं, शक्य असेल तर फ्रुक्टोसामिनची तपासणी करायची. आपल्याकडे माणसांची तीन महिन्यांची सरासरी काढतात तशी ती मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगते. यातलं काहीच तिथे विचारलं गेलं नाही. निदान बरोबर होतं, पण ते नशिबाने.

तिसरे डॉक्टर तलासरीच्या बाजूच्या एका सरकारी दवाखान्यातले. बाहेर शेळ्या बांधलेल्या, आत लसींचे खोके. मी अर्धवट ओशाळूनच टोपली टेबलावर ठेवली. त्यांनी बादशाला खाली सोडलं आणि चालू दिलं. तो मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालत होता. आम्हाला ते अशक्तपणाचं वाटलं होतं. ते म्हणाले, "साखर वाढून नसांवर परिणाम झाला की मांजर असं चालतं. पण मास्तर, खरं सांगतो, मांजराचा मधुमेह मी कॉलेज सोडल्यावर पाहिलेला नाही. दोन दिवस द्या, परळला माझा मित्र आहे, त्याला विचारतो."

माझ्या मते योग्य डॉक्टर सापडला तो इथे, या वाक्यावर.

आपण डॉक्टर शोधतो तेव्हा पाटी, मशीन, काचेचं दार बघतो. मधुमेहाच्या मांजराला यातलं फारसं लागत नाही. दर बारा तासांनी सुई टोचणारा मालक लागतो आणि त्या मालकाला शिकवायला तयार असलेला, रात्री फोन उचलणारा डॉक्टर लागतो. कानाच्या कडेला सुई कशी टोचायची, माणसांचा ग्लुकोमीटर मांजराची साखर प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतो हे ध्यानात कसं ठेवायचं, बोका जेवला नाही तर इंजेक्शन द्यायचं की फोन करायचा, हे ज्याने पहिल्या भेटीत समजावलं तो बरा. मुंबईचा तज्ज्ञ हवाच, पण तो फोनवर चालतो. डहाणू ते परळ लोकलने तीनेक तास. बादशाला दर आठवड्याला तेवढं हिंडवलं असतं तर त्याची साखर कधी खाली आलीच नसती.

परळचं ते जुनं इस्पितळ १८८३ साली सुरू झालं. कागदोपत्री नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट, पण लोक त्याला अजून बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. शेजारी १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय आलं. या बैलघोडा शब्दात आपली सगळी पशुवैद्यकी आली. ओढणारं, दूध देणारं, कापलं जाणारं जनावर म्हणजे जनावर. २०१९च्या पशुगणनेत कुत्रे, ससे, अगदी हत्तीसुद्धा मोजले, मांजर त्या यादीत नव्हतं. जे मोजलं जात नाही त्याच्यासाठी तालुक्याच्या दवाखान्यात ग्लुकोमीटरच्या पट्ट्या कोण ठेवणार? आमच्या डहाणूत जखमी समुद्री कासवांवर उपचार करून त्यांना परत समुद्रात सोडतात, मला त्याचा अभिमान आहे. म्हणजे मनावर घेतलं तर या किनाऱ्यावर अवघड जनावराचीही शुश्रूषा होते.

आमच्या मोहल्ल्यात मांजराचं सगळ्यांना कौतुक. अबू हुरैरांच्या नावाचा अर्थ लहान पोरंही सांगतात, मांजर बांधून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस तर प्रत्येकाला पाठ. बादशाला सुई लावायची म्हटल्यावर मात्र खालाजानचा पहिला प्रश्न, "त्यात डुकराचं काही नाही ना?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पूर्वी इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातूनच काढत आणि जनावरांसाठी बनवलेलं एक इन्सुलिन आजही डुकराचं असतं. बादशाला मिळतं ते ग्लार्जिन, माणसांचंच, जिवाणू किंवा यीस्टकडून बनवून घेतलेलं. तेव्हा तो प्रश्न तिथेच मिटला.

खरा धोका दुसरीकडेच होता, आमच्या फ्रिजच्या दारात. अम्मीचं इन्सुलिन बाटलीतलं, एका मिलीत ४० युनिटवालं. त्याची सिरिंज लाल टोपणाची. बादशाचं ग्लार्जिन एका मिलीत १०० युनिट, सिरिंज नारिंगी टोपणाची. एका संध्याकाळी मला तलासरीहून वेळेत गाडी मिळाली नाही. अम्मीने मायेने बादशाला "एक युनिट" दिलं, स्वतःच्या लाल सिरिंजने. लाल सिरिंजवरच्या एका खुणेत ग्लार्जिन अडीच युनिट येतं. मी पोहोचलो तेव्हा बादशा भिंतीला धरून झुलत होता, डोळे विस्फारलेले. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दुसऱ्या रिंगला उचलला. "हिरड्यांना मध चोळा, ओतू नका, ठसका लागेल. मोजा. पंधरा मिनिटांनी परत मोजा. शुद्ध हरपली तर थांबू नका, घेऊन निघा." पहाटे चारपर्यंत आम्ही तेच करत बसलो. बादशाने सकाळी थोडी मासळी खाल्ली. अम्मीने दोन दिवस त्याच्याकडे पाहिलं नाही. आता दोन सिरिंजा दोन वेगळ्या डब्यांत असतात आणि बादशाच्या डब्यावर तिनेच मिशा काढल्यात.

अडीच पटीचा हा हिशेब डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितला होता. मी तो अम्मीला सांगितला नव्हता. चूक माझी.

शाळेतला एक सहकारी मला म्हणाला, "सर, इथे माणसांना वेळेवर इन्सुलिन मिळत नाही, तुम्ही बोक्याला देता?" याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील एकच सुई बोथट होईपर्यंत वापरतात. ते कळल्यावर मी गप्प बसलो आणि नंतर अम्मीच्या सुयांबरोबर त्यांच्याही आणू लागलो. पण बादशाचं बंद केल्याने त्यांचं सुरू झालं असतं, असं मला वाटत नाही. तालुक्याला शेळीचा डॉक्टर पुरेसा, माणसाला एक सुई पुरेशी आणि मांजराला टॉनिक पुरेसं, ही सगळी एकाच वहीतली नोंद आहे.

भात बंद झाला, नुसती मासळी आणि कोंबडी राहिली. तेही हळूहळू केलं, कारण खाणं बदललं की इन्सुलिनची गरज बदलते. लवकर सुरुवात झाली तर काही मांजरांचं इन्सुलिन सुटतंही. बादशाचं सुटलेलं नाही. पण टाचा आता जमिनीला टेकत नाहीत, परवा तो कपाटावर चढला.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांचा फोन आला. झरीकडून एक बाई मांजर घेऊन आल्यात, तीच लक्षणं, कानाला सुई लावायला हात थरथरतो म्हणतात. "मास्तर, रविवारी बादशाला घेऊन याल का? मी सांगण्यापेक्षा तुम्ही करून दाखवा." अम्मीही येणार आहे म्हणते. दोन्ही डबे घेऊन.