जुगाड गावाचा, नफा कोणाचा? शहापूर-मुरबाडसाठी तीन धडे

शहापूर/मुरबाड : जुलै आला की दोन्ही तालुक्यांत एकच प्रश्न असतो, लावणीला माणसं कुठून आणायची? तरुण पोरं भिवंडीच्या गोदामात नाहीतर मुरबाडच्या एमआयडीसीत. मजुरी वाढली, पण भाताचा भाव त्या मानाने वाढत नाही. अशा वेळी शेतकरी हात बांधून बसत नाही. कोणी जुन्या सायकलचं चाक लावून कोळपं बनवतो, कोणी मळणीसाठी भंगारातल्या मोटारीचा उपयोग करतो. गावात त्याला ‘जुगाड’ म्हणतात, हसतात आणि विषय तिथेच संपतो.

खरं तर तो तिथे संपायला नको.

संशोधन काय सांगतं?

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे प्राध्यापक एरिक व्हॉन हिपेल यांनी १९७६ मध्ये प्रयोगशाळेतील उपकरणांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. उपकरणांतल्या महत्त्वाच्या सुधारणा बहुतेक वेळा कंपन्यांनी नाही, तर ती वापरणाऱ्या शास्त्रज्ञांनीच आधी केल्या होत्या, असं त्यात दिसलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, एवढाच त्याचा अर्थ. पुढे २००७ मध्ये सोनाली शाह आणि मेरी ट्रिप्सास या संशोधकांनी अशा वापरणाऱ्यांतून उद्योजक कसे तयार होतात ते मांडलं. माणूस आधी स्वतःच्या गरजेसाठी वस्तू बनवतो. शेजारीपाजारी बघतात, सुधारणा सुचवतात, ‘आम्हालाही एक दे’ म्हणतात. तिथून धंदा सुरू होतो.

‘एक दे’ पासून धंद्यापर्यंतच्या वाटेवरच ग्रामीण भागातली गोष्ट अडते. महाराष्ट्रातली तीन उदाहरणं पाहिली की का अडते ते कळतं.

पहिलं : नेरळचं भाततंत्र

मुरबाडला लागूनच कर्जत तालुका. तिथे नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘सगुणा राईस टेक्निक’ म्हणजे एसआरटी पद्धत विकसित केली. यात चिखलणी नाही, आवण नाही, लावणी नाही. गादीवाफे एकदा करायचे, लोखंडी साच्याने भोकं पाडायची आणि बी टोकायचं. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. तणनाशक वापरावं लागतं, हा आक्षेप आहेच. पण मजुरांच्या टंचाईवरचा उपाय शेतकऱ्याच्याच बांधावर सापडला, हे महत्त्वाचं. ही पद्धत लपवून न ठेवता शेतकऱ्यांना शिकवली गेली. कल्पना खुली वाटणं हाही एक मार्ग असतो, फक्त तो ठरवून घेतलेला हवा.

दुसरं : एचएमटी तांदूळ

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड (ता. नागभीड) गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी. १९८३ च्या सुमारास त्यांना आपल्या भातात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढची काही वर्षं लावून पाहिल्या आणि बारीक तांदळाचा वाण तयार केला. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याचं नाव ‘एचएमटी’ पडलं. वाण दूरवर पोचला, व्यापाऱ्यांनी पैसा केला. १९९८ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा ‘पीकेव्ही एचएमटी’ आला. आपल्याला श्रेय मिळालं नाही, ही दादाजींची तक्रार शेवटपर्यंत राहिली. पुरस्कार मिळाले, पण हलाखी सुटली नाही. ३ जून २०१८ रोजी त्यांचं निधन झालं.

त्या वेळी शेतकऱ्याच्या वाणाला संरक्षण देणारा कायदाच नव्हता. तो २००१ मध्ये झाला. आता शेतकरी स्वतःचा वाण स्वतःच्या नावावर नोंदवू शकतो आणि त्याला त्यासाठी फी माफ आहे.

तिसरं : शहापूरची गुळवेल

शहापूरच्या कातकरी तरुणांनी नवं यंत्र काही बनवलं नाही. त्यांनी विकण्याची पद्धत बदलली. रानातली गुळवेल आधीही होती, पण ती सुटी विकली की भाव व्यापारी ठरवणार. आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेच्या माध्यमातून हे तरुण एकत्र आले आणि वन धन केंद्राची मदत घेतली. अशा एका केंद्रात साधारण ३०० सदस्य असतात. माल साफ करून, सुकवून थेट औषध कंपन्यांना देणं सुरू झालं. सुमारे १ कोटी ५७ लाख रुपयांची ऑर्डर मिळाल्याची माहिती २०२१ मध्ये केंद्र सरकारने दिली. वेल तीच, रान तेच. विकणारे एकत्र आले एवढाच फरक.

व्हिडिओ टाकण्याआधी

आज कोणी नवं अवजार बनवलं की आधी त्याचा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर फिरतो, मग यूट्यूबवर चढतो. लाइक मिळतात. पण पेटंटसाठी वस्तू ‘नवी’ असावी लागते आणि अर्जाआधीच ती जगजाहीर झाली तर साधारणपणे तो हक्क जातो. म्हणून क्रम उलटा हवा. आधी तात्पुरता अर्ज, नंतर व्हिडिओ. तात्पुरत्या अर्जानंतर पूर्ण अर्ज करायला १२ महिने मिळतात.

हेही लक्षात ठेवावं की भारतीय कायद्यात शेती करण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही. अवजाराला मिळू शकतं, बियाण्याच्या वाणासाठी २००१ चा कायदा आहे. गांधीनगरचं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान ग्रामीण कल्पनांची नोंद घेऊन पुढच्या कामात मदत करतं.

मात्र सगळा भार शेतकऱ्यावर टाकून चालणार नाही. योजनांच्या शिबिरात कर्जाचे फॉर्म वाटले जातात. ‘तू काय बनवलंस?’ असं विचारणारं टेबल क्वचितच असतं. कृषी सहायक दर हंगामात बांधावर जातात. त्यांनी गावागावातल्या अशा सुधारणा तारखेसह आणि फोटोसह नोंदवल्या, तरी सुरुवात होईल. बचत गटांनीही एकेकट्याने विकण्यापेक्षा शहापूरच्या तरुणांसारखा एकत्र माल काढावा.

डोकं गावाकडे कमी नाही. कमी आहे ती नोंद आणि एकी. ती झाली नाही, तर पुढचा एचएमटीही गावात जन्मेल आणि पैसा दुसरीकडे जाईल.