नाशिकला समुद्र कुठे आहे?

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. आळस, दुसरं काय! पण गेल्या आठवड्यात एक वाक्य असं कानावर आलं की डोकं अजून भणभणतंय. म्हटलं, घरात चिडचिड करण्यापेक्षा इथेच काय ते लिहून टाकावं.

माझी भाची इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. (कॉलेजचं नाव विचारू नका, पोरीला अजून पास व्हायचंय.) तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी प्रोजेक्टला विषय घेतला होता : अणुशक्तीवर चालणाऱ्या जहाजाला दुसऱ्या जहाजाने बाजूने धडक दिली, तर अणुभट्टीच्या कप्प्यापर्यंत पोचेस्तोवर किती पोलाद चुरगळेल? कागदावरची आकडेमोड आणि कॉम्प्युटरवरचं मॉडेल, बस्स. सर म्हणाले, "नाशिकला समुद्र कुठे आहे? शिवाय हे सगळं गुप्त असतं. नसत्या भानगडी नकोत. एखाद्या गाडीचा बंपर घ्या."

त्याहून कहर म्हणजे रविवारी जेवायला जमलेल्या आपल्याच मंडळींनी सरांची बाजू घेतली. "नेव्हीचं नेव्ही बघून घेईल" इति आमचा दादा. दादा, तू हा ब्लॉग वाचतोस हे मला ठाऊक आहे. तेव्हा हे तुझ्यासाठीच.

आधी समुद्राचं. नाशिकला समुद्र नाही हे आम्हाला शाळेपासून माहीत आहे. (आपल्याकडे 'मेरी' म्हटलं की दिंडोरी रोडवरची धरणं आणि माती तपासणारी संस्था. मुंबईत जहाजाचे इंजिनिअर घडवणाऱ्या संस्थेलाही लोक 'मेरी'च म्हणायचे. तेवढाच काय तो आपला दर्यावर्दी संबंध!) पण ओझरला मिग बनली, सुखोई बनली. लढाऊ विमानाइतकं गुप्त दुसरं काय असणार? तरी विमानाच्या पंखावर प्रोजेक्ट करणाऱ्या पोरांना कुणी अडवलेलं मी तरी ऐकलं नाही. मग जहाजानेच काय घोडं मारलंय?

आता गुप्ततेचं. या विषयाची सुरुवातच मुळी उघड्यावर झालेली आहे. अमेरिकेत 'सव्हाना' नावाचं अणुशक्तीवर चालणारं व्यापारी जहाज 1959 साली पाण्यात उतरलं. त्याच वर्षी मिनॉर्स्की नावाच्या इंजिनिअरने एक लेख छापला, तोही जहाजबांधणीच्या नियतकालिकात, कुणीही वाचावा असा. त्याने काय केलं? 26 साध्यासुध्या जहाजांच्या खऱ्या टकरी घेतल्या, किती पोलाद चुरगळलं ते मोजलं आणि त्यावरून एक सरळ सूत्र काढलं. चुरगळलेल्या दर घनमीटर पोलादामागे साधारण 47 मेगाज्यूल ऊर्जा खर्च होते आणि बाहेरचा पत्रा फाडण्यात सुमारे 33 मेगाज्यूल. झालं. या सूत्रात गुपित कुठे आहे? 'सव्हाना'च्या अणुभट्टीच्या दोन्ही बाजूंना पोलाद आणि रेडवूड लाकूड यांचे एकाआड एक थर लावले होते, हेसुद्धा जगजाहीर आहे. अणुभट्टी वाचवायला लाकूड! मला तर ही गोष्ट फार आवडली.

भाचीने मला वहीत मांडून दाखवलं. दोन्ही जहाजं दहा-दहा हजार टनांची. एक थांबलेलं, दुसरं 10 नॉटने, म्हणजे ताशी जेमतेम साडेअठरा किलोमीटरने, काटकोनात येऊन आदळलं. चुरगळलेलं पोलाद साधारण एक घनमीटर. आता वेग 20 नॉट केला तर? मी आपला बँकेत आयुष्य घालवलेला माणूस. छाती पुढे काढून म्हटलं, चौपट. ती म्हणाली, "नाही मामा, जवळजवळ सहापट." ऊर्जा चौपट होते हे खरं, पण पत्रा फाडण्यात जाणारा ठरावीक हिस्सा तेवढाच राहतो. उरलेला सगळा मार आत जातो. वीस-एकवीस वर्षांच्या पोरीने ताटावर बसल्याबसल्या हे मला समजावून दिलं, आणि त्या पोरीला आपण बंपर मोजायला पाठवतोय.

अरिहंतची अणुभट्टी कुठे बसवली आहे, तिच्या कवचाची जाडी किती, हे गुप्त आहे आणि ते तसंच राहावं. तिला त्याची गरजही नाही. ती 'सव्हाना'सारखंच एक काल्पनिक जहाज घेणार होती. पुढे हॅम्बुर्गला, नेपल्सला, जपानमध्ये लोकांनी मॉडेलं एकमेकांवर आदळून हेच तपासलं. अणुशक्तीची व्यापारी जहाजं फारशी टिकली नाहीत, पण ते ज्ञान तेलवाहू टँकरांच्या कामी आलं.

बरं, टकरी काही कल्पनेतल्या नाहीत. 2009 च्या फेब्रुवारीत ब्रिटनची 'व्हॅनगार्ड' आणि फ्रान्सची 'ल ट्रिओम्फाँ' या दोन अणुपाणबुड्या अख्ख्या अटलांटिकमध्ये एकमेकींवर आपटल्या. 2025 च्या फेब्रुवारीत अमेरिकेची 'हॅरी ट्रुमन' ही दोन अणुभट्ट्यांची विमानवाहू नौका पोर्ट सैदजवळ एका मालवाहू जहाजाला धडकली. आपल्या मुंबईत तर 7 ऑगस्ट 2010 ला 'चित्रा' आणि 'खलिजिया' भिडल्या, कंटेनर समुद्रात पडले, तेल पसरलं. सहा महिनेही झाले नाहीत तोच, 30 जानेवारी 2011 ला, 'नॉर्डलेक' नावाचं मालवाहू जहाज 'विंध्यगिरी' या आपल्या युद्धनौकेला धडकलं आणि दुसऱ्या दिवशी 'विंध्यगिरी' बुडाली. यांत अणुभट्टी कुठेच नव्हती, मान्य. पण नेव्ही बघून घेईल म्हणताना निदान हे तरी आठवावं.

कायद्याने तरी काय पाहिलं? अणुजहाजांच्या मालकांवर भरपाईची जबाबदारी टाकणारा करार ब्रुसेल्सला 1962 साली झाला, तो कधी अमलातच आला नाही. आपल्या संसदेने 2010 साली अणुअपघाताच्या भरपाईचा कायदा केला, त्याच्या व्याख्येतून वाहन चालवायला बसवलेली अणुभट्टी सरळ वगळली होती. वकिलांनी सोडून दिलं, मास्तरांनीही सोडून द्यायचं?

आणि आता जे मला सगळ्यात जास्त टोचतं ते. 9 फेब्रुवारी 2001 ला हवाईजवळ 'ग्रीनव्हिल' ही अमेरिकन अणुपाणबुडी पाहुण्यांना कसरत दाखवायला वेगाने वर आली ती थेट 'एहिमे मारू'च्या खालून. उवाजिमाच्या मत्स्यविद्यालयाचं ते प्रशिक्षण जहाज. काही मिनिटांत बुडालं. नऊ माणसं गेली, त्यातले चार शाळकरी विद्यार्थी. पाणबुडीची अणुभट्टी मात्र सुखरूप! आपल्याकडे 21 नोव्हेंबर 2024 ला गोव्याच्या समुद्रात 'करंज' ही (डिझेलवर चालणारी) पाणबुडी आणि 'मार्थोमा' ही मासेमारी बोट यांची टक्कर झाली. तेरा खलाशांपैकी अकरा वाचले. म्हणजे धडकेतली सुरक्षा म्हणून सगळे मोजतात ती मोठ्या जहाजाच्या पोटातल्या भट्टीची. समोरच्याचं गणित कोण मांडणार? पोरी तेही मांडणार होत्या. सरांपर्यंत ते पानच पोचलं नाही.

असो. सध्या प्रोजेक्टच्या फायलीवर बंपरचं नाव आहे. वही माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर तिने लिहून ठेवलंय, "समोर जहाज नसून वीस टनांची बोट असेल तर?" आणि खाली सगळं कोरं. विशाखापट्टणमला, मुंबईला जहाजबांधणी शिकवणारं कुणी तुमच्यापैकी कोणाच्या ओळखीत असेल तर मला मेल करा. दादा, तुझा तो गोदीतला मित्र अजून तिथेच आहे ना?