मालवणच्या पाण्याखाली

आमच्या एका भाचीचे अमेरिकेहून पत्र आले. हल्लीच्या रीतीप्रमाणे ते फोनवरच आले. परंतु चांगली चार पाने भरतील एवढे होते, म्हणून आम्ही त्यास पत्रच म्हणतो. भाची, जावई आणि त्यांची दोन मुले सुटीचा एक आठवडा बोनेर नावाच्या बेटावर काढून आली होती. आम्ही नकाशा काढून बसलो. कॅरिबियन समुद्राच्या दक्षिणेस, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोर, डच अमलाखालचे हे चिमुकले बेट आहे. वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्या इंदुरातील एखाद्या वॉर्डात सहज मावेल. मिठागरे, रोहित पक्षी आणि रस्त्यावरून स्वैर हिंडणारी गाढवे एवढेच तेथे जमिनीवर पाहण्यासारखे. परंतु माणसे तेथे जमिनीसाठी जातच नाहीत. पाठीवर हवेचे नळकांडे बांधून समुद्राच्या तळाशी हिंडावयाचे, आणि असे सात दिवस हिंडावयाचे, ह्यासाठी ती जातात.

आम्हीही काही मागे राहणाऱ्यांतले नव्हे. २०२३ च्या डिसेंबरात आम्ही सहकुटुंब मालवणास जाऊन आलो होतो आणि तेथे समुद्राच्या तळाशीही जाऊन आलो होतो. त्या पराक्रमाचे छायाचित्र आमच्या दिवाणखान्यात चौकटीत बसवलेले होते, आणि आल्यागेल्यास पोह्यांच्या बशीबरोबर ते दाखवण्याचा आमचा परिपाठ होता. तेच आम्ही मोठ्या दिमाखाने भाचीस पाठवले. तिचे उत्तर एका ओळीचे आले: ‘‘मामा, फोटो छान आहे, पण तुमचा गुडघा कशावर टेकला आहे?’’

ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी त्या दिवसाची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे.

आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज होळकरशाहीत इकडे आले आणि माळव्याच्या काळ्या मातीत रुजले. समुद्र मागे राहिला तो राहिलाच. ज्या शहराच्या नळास १९७८ साली नर्मदेचे पाणी डोंगर चढवून आणावे लागले, त्या शहरातील माणसास समुद्राची जाण कितीशी असावयाची? आम्ही पोहावयास शिकलो ते महेश्वरच्या घाटावर, कमरेला डबा बांधून. तेवढ्या भांडवलावर आम्ही अवंतिकेने मुंबई गाठली, कोकण रेल्वेने कुडाळास उतरलो आणि मालवणच्या धक्क्यावर जाऊन उभे राहिलो.

समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग. १६६४ साली शिवछत्रपतींनी त्याचा पाया घातला. चहूंकडे खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव ह्या गोड्या पाण्याच्या विहिरी. किल्ला पाहून मन भरून आले न आले तोच ‘स्कूबा, काका, स्कूबा’ असा पुकारा कानी पडला. सौभाग्यवतींनी ‘‘अहो, वयाचा काही विचार?’’ एवढेच म्हटले आणि त्या नावेतच बसून राहिल्या. आम्ही एका कागदावर सही केली. त्यावर रक्तदाबाविषयी एक प्रश्न होता. रोज रात्री गोळी घेणाऱ्या माणसाने त्यापुढे ‘नाही’ असे लिहिले, हे येथे कबूल करतो. वाचकांनी हा कित्ता गिरवू नये.

नावेवर एक विशीतला मुलगा आमच्या सोबतीस दिला होता. ‘‘काका, तोंडान श्वास घेवा, नाकान नाय,’’ एवढा धडा देऊन त्याने आम्हांस पाण्यात ओढले. दोन पुरुष खोली गाठली असेल नसेल तोच कानांत सुया टोचल्यासारखे झाले. पाण्याचा भार असा की, दहा मीटर खाली गेले म्हणजे दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट होतो, आणि त्याची पहिली वर्दी कानाच्या पडद्यास मिळते. नाक चिमटीत धरून हळूच फुंकर घातली म्हणजे तो मोकळा होतो. हे त्याने आम्हांस खाली गेल्यावर खुणेने शिकवले. मग सारे कसे शांत झाले. हिरवट उजेडात, पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले शेकडो मासे आमच्या तोंडापुढे जमले. त्या मुलाने पिशवीतून पावाचे तुकडे काढले होते, हे गर्दीचे कारण आम्हांस मागाहून उमगले. त्याने आमचा खांदा दाबून आम्हांस एका खडकावर बसते केले, अंगठ्याची खूण करावयास सांगितले आणि छायाचित्र काढले. नेमक्या त्याच क्षणी गुडघ्याखाली काहीतरी कुरकुरले. भाजलेल्या पापडाचा कोपरा मोडावा तसे. आम्ही खाली पाहिले नाही. आम्ही कॅमेऱ्याकडे पाहत होतो. वीस मिनिटांत वर आलो.

आता पापड मोडला तो कशाचा, ते सांगतो. आपल्याला पोवळे माहीत असते ते सराफ्यातले, मंगळासाठी अंगठीत घालतो ते. ते तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले. मालवणास आहेत ते प्रवाळ निराळ्या जातीचे. दिसावयास दगड, परंतु वस्तुतः टाचणीच्या डोक्याएवढ्या असंख्य जीवांची ती वसाहत असते. प्रत्येक जीव आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतो, आणि त्याच्या अंगात राहणारी सूक्ष्म शेवाळे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यास पोसतात. काही प्रवाळ मेंदूसारखे गोल, तर काही कोबीच्या पानासारखे पातळ पसरलेले. मालवणास हे दुसरे पुष्कळ आहेत. गोल प्रवाळाची वाढ वर्षाकाठी जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर. आमच्या गुडघ्याखाली आले ते पातळ पान होते. छायाचित्र मोठे करून पाहिले तेव्हा त्याची तुटकी पांढरी कड स्वच्छ दिसली. ज्या चौकटीकडे आम्ही वर्षभर कौतुकाने पाहत होतो तिच्यात ही कड पहिल्या दिवसापासून होती.

भाचीस आम्ही खरे ते कळवले. तिने आम्हांस दोष दिला नाही. बोनेरची व्यवस्था मात्र लिहून पाठवली. बेटाभोवतीचा सारा समुद्र, साठ मीटर खोलीपर्यंत, १९७९ पासून राखीव उद्यान आहे. आल्याबरोबर प्रथम उद्यानाचे शुल्क भरावयाचे. त्यातूनच मुख्यतः उद्यान चालते. मग नियम समजून घ्यावयाचे आणि किनाऱ्यालगत एक परीक्षेची बुडी मारून दाखवावयाची; तोवर पुढे जाता येत नाही. प्रवाळास हात लावावयाचा नाही. हातमोजे घालण्यासही बंदी, कारण मोजे असले की माणूस निर्धास्तपणे कशालाही धरतो. नावांनी नांगर टाकावयाचा नाही, ठरावीक बोयांना बांधावयाचे. आणि बुडी मारण्याच्या जागा रस्त्याच्या कडेस पिवळे दगड रंगवून दाखवलेल्या. गाडी उभी करा, नळकांडे चढवा आणि चालत समुद्रात शिरा.

तेथेही सारे आलबेल आहे असे नव्हे. प्रवाळांस जडणारा एक घातक रोग २०२३ साली त्या बेटावर पोहोचला, आणि समुद्र तापल्याने प्रवाळ पांढरे पडण्याचे संकट तर जगभरचेच आहे. परंतु माणसाच्या गुडघ्याने होणारा नाश त्यांनी पुष्कळ आवरला आहे, आणि तो आवरण्याचे गमक आम्हांस असे दिसले की, तेथे जाणारा माणूस आठवडा घेऊन जातो. आम्ही वीस मिनिटे घेऊन गेलो होतो. वीस मिनिटांत माणसास तरंगावयास शिकवता येत नाही, म्हणून त्यास कशावर तरी बसवावे लागते.

म्हणून गेल्या फेब्रुवारीत आम्ही पुन्हा मालवणास गेलो. ह्या खेपेस सात दिवसांसाठी, पंधरा वर्षांच्या नातीस बरोबर घेऊन. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून हृदय, कान आणि रक्तदाब तपासून घेतला आणि त्यांचा दाखला खिशात घातला. तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबाच्या शिक्षणाचे केंद्र काढले तेव्हापासून त्या परिसरात रीतसर शिकवणारी माणसे मिळू लागली आहेत. अशाच एका शिक्षकांकडे आम्ही आजोबा-नातीने नावे घातली.

पहिले तीन दिवस समुद्र नाहीच, नुसता तरणतलाव. पाण्याखाली तोंडातली नळी काढावयाची व पुन्हा घालावयाची, चष्म्यात शिरलेले पाणी नाकाने फुंकून बाहेर काढावयाचे. नळकांड्यात निव्वळ प्राणवायू असतो ही आमची समजूत शिक्षकांनी पहिल्याच दिवशी काढून टाकली. तेथे असते ती साधी हवाच, फार दाबून भरलेली. कूस्तो आणि गान्यां ह्या दोघा फ्रेंचांनी १९४३ साली जी युक्ती काढली ती ही की, त्या दाबलेल्या हवेतून श्वासाला लागेल तेवढीच, भोवतीच्या पाण्याच्या दाबाबरोबरीची हवा तोंडाशी यावी. आणि एक नियम त्यांनी आमच्याकडून घोकून घेतला: वर येताना श्वास कदापि कोंडावयाचा नाही. खोल पाण्यात घेतलेली हवा वर येताना फुगते, आणि तिला वाट मिळाली नाही तर ती फुप्फुस फाडते.

परंतु ज्यासाठी आम्ही गेलो होतो तो धडा निराळाच होता. अंगरख्यात हवा थोडी भरून, थोडी सोडून, पाण्यात अधांतरी राहावयाचे. श्वास घेतला की शरीर चार बोटे वर जाते, सोडला की तेवढेच खाली येते. हात मारावयाचे नाहीत, पाय आपटावयाचे नाहीत. नातीस हे दुसऱ्या दिवशी साधले. आम्हांस चौथा दिवस उजाडला. संपूर्ण शिक्षणक्रम आमच्याने काही पुरा झाला नाही. पाण्याखाली चष्मा पुरता उतरवावयाचा, ह्या एका परीक्षेपुढे आमचे धैर्य खचले. नातीस दाखला मिळाला. आम्हांस शिक्षकांचा हात धरूनच समुद्रात जाण्याची परवानगी.

एक दिवस वाऱ्याने व गढूळ पाण्याने फुकट गेला. उरलेल्या दिवसांत मात्र जे पाहिले ते विसरणे नाही. पाव नव्हता, त्यामुळे मासे धावून आले नाहीत. आम्ही एका खडकापासून हातभर अंतरावर अधांतरी थांबलो. दोन-तीन मिनिटे काहीच नाही. मग कपारीतून शेवंडाच्या लांब मिशा हलल्या. एक जाडजूड हेकरू बाहेर येऊन आमच्याकडे नापसंतीने पाहून परत गेला. वाळूत अंग झाकून बसलेले पाकट तर आम्हांस दिसलेच नव्हते. नातीने बोट दाखवले तेव्हा ते उठून संथपणे निघून गेले. मालवणचे पाणी बोनेरसारखे काचेचे नाही. कित्येकदा दहा-बारा हातांपलीकडचे दिसत नाही. म्हणूनच जे दिसते ते जवळून आणि एकाएकी दिसते.

धक्क्यावर तो पहिला मुलगा पुन्हा भेटला. आम्ही त्यास मोडलेल्या पानाची गोष्ट सांगितली. तो हसला. ‘‘काका, त्या दगडार रोज पन्नास माणसा बसतत. तुम्ही आपलोच गुडघो कित्याक धरून बसल्यात?’’ मग थोड्या वेळाने म्हणाला, ‘‘फोटो चांगलो इलो नाय तर लोक भांडतत.’’ त्याचा बाप रापणीच्या संघात आहे. १९८७ साली ह्या किनाऱ्यालगतचा एकोणतीस चौरस किलोमीटरांचा समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला, तेव्हा मच्छीमारांनी त्यास कसून विरोध केला होता; जाळे टाकण्यास बंदी आली तर खावयाचे काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. आज त्याच घरांतली मुले पर्यटकांस तळ दाखवून चार पैसे मिळवतात. त्या मुलास नियम शिकवावयाचे असतील तर प्रथम त्याच्याशी छायाचित्रावरून भांडणारी माणसे शिकली पाहिजेत, असे आमचे मत झाले आहे. आणि ती माणसे पुष्कळशी आपल्यासारखी, घाटावरून उतरलेली असतात.

हे सारे आज लिहिण्याचे कारण असे की, आपल्या मंडळाने येत्या डिसेंबरात कोकणच्या सहलीचा बेत केला आहे. चाळीस नावे आली आहेत, आणि कार्यक्रमात ‘स्कूबा, एक तास’ अशी ओळ आम्ही वाचली. ती खोडावी असा आग्रह आम्ही धरला. ज्यांस पाण्याखाली जावयाचे असेल त्यांनी मुक्काम लांबवावा. नावेवर जीवनरक्षक अंगरखा उतरवू नये, कारण २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीस स्कूबाहून परतणारी नाव उलटून दोघांचे प्राण गेले. शेवटच्या बुडीनंतर एक दिवस मोकळा ठेवावा. त्याच दिवशी विमानात बसू नये की मोटारीने घाट चढू नये, कारण रक्तात मुरलेला नत्रवायू उंचीवर अपाय करतो. आणि निघण्यापूर्वी महिनाभर इंदुरातच सकाळी सहा वाजता तरणतलावावर आमच्याबरोबर यावे. चाळिसांपैकी सात नावे टिकली आहेत. आमच्या सौभाग्यवतींचे त्यांत पहिले आहे.