मोबाइल मिटल्यावर

१२ ऑक्टोबर २०२०चा सोमवार आमच्या घरी कुणी विसरणार नाही. भाचीची पदवीची परीक्षा, तीही घरबसल्या! सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाणे परिसराची वीज गेली आणि मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीचे पेपर पुढे ढकलावे लागले. आमच्या वडिलांनी कंदिलाखाली अभ्यास केला. इथे दिवा गेला म्हणून परीक्षाच राहिली.

तिचा धाकटा भाऊ त्याच वर्षी बी.कॉम.ला लागलेला. "मामा, घोकायचे कशाला? चारांतले एक उत्तर टिचकीने निवडायचे!" असे मला ऐकवी. मोबाइलवर उत्तर हुडकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पुढे परीक्षा पुन्हा कागदावर आल्या. चिरंजीव कोऱ्या पानाकडे पाहत बसले आणि व्यापारी कायदा राहिला! "वाचले होते हो मामा, पण लिहिताच येईना," म्हणताना त्याचा गळा दाटला. बहिणीने संतापून मोबाइल कपाटात घातला.

मला ते पटेना. नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, निकाल, सारे मोबाइलवरच येते. विळीने बोट कापले म्हणून कुणी भाजी चिरायचे सोडते का? मी मोबाइल सोडवून आणला, पण एका अटीवर.

कॉलेज उल्हासनगरला, घर बदलापूरला. लोकलच्या गर्दीत पुस्तक उघडायला जागा नसते, मोबाइलपुरती असते. अंबरनाथपर्यंत त्यावर एकच प्रश्न वाचायचा. अंबरनाथ आले की मोबाइल खिशात. उल्हासनगरपर्यंत वाचलेले आठवायचे. रात्री तेच कागदावर लिहायचे.

आठवडाभर निम्मेही आठवेना. तो चिडला. तेव्हा मी त्याला रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांचा २००६चा प्रयोग सांगितला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र मजकूर मिटून आठवून पाहणारे! वाचताना 'आले' असे वाटते. आले की नाही, ते मिटल्यावरच कळते.

विषय सुटला. गुण बेताचेच, पण स्वतःच्या हाताने लिहिलेले.

त्या दिवसांत एकदा आम्ही एकाच डब्यात होतो. अंबरनाथ आले, मोबाइल खिशात गेला, ओठ हलू लागले. शेजारचे गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "या वयात नामस्मरण!"

मी म्हटले, "होय, व्यापारी कायद्याचे!"