आधी मूळ प्रत, मग वाटप



लग्नसराई आली की पिंपरी, काळेवाडी, भोसरीपासून थेट चाकणपर्यंत व्हिडिओ शूटिंगवाल्यांना फुरसत नसते. ओव्हरटाइमच्या पैशांतून का होईना, आपण शूटिंग करतोच. पण एडिटिंग झाल्यावर दुकानातून नेमके काय घरी आणायचे, याचा विचार आपण करतो का? आम्हीही केला नव्हता.

आमच्या ताईचा मंगल परिणय १९९५ साली झाला. त्याची व्हीएचएस कॅसेट घरात होती. वडील आता हयात नाहीत. त्यांचा आवाज तेवढा त्या कॅसेटमध्ये. ती चालवायचा व्हीसीआर कुठे मिळेना. जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ साली व्हीसीआर बनवणे बंद केले. म्हणून कॅसेट एका दुकानात दिली. तिथे काटछाट करून, नावे टाकून फिल्म मोबाइलवर पाठवली. आम्ही खूश! पुढे एकदा आईसाठी ती टीव्हीवर लावली, तर वडिलांचा चेहरा म्हणजे नुसते चौकोनी ठिपके आणि सगळे वऱ्हाड आडवे फुगलेले. दुकानात धावलो, तर फाइल केव्हाच पुसलेली. माळ्यावरची कॅसेट दोन पावसाळ्यांत बुरशीने खाल्लेली. दोष कुणाला द्यायचा? मोठी प्रत आम्ही मागितलीच नव्हती.

दाखल्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढली की अक्षर फिकट होते. व्हिडिओचेही तसेच. लहान करण्यासाठी फाइल दाबली की बारकावे जातात आणि मोठी केली तरी ते परत येत नाहीत. म्हणून एडिटिंग झाले की तीन प्रती मागाव्यात.

पहिली मूळ प्रत. शूटिंग ज्या आकाराचे आणि सेकंदाला जितक्या चित्रांचे, तशीच ठेवायला सांगावी. आपल्याकडच्या जुन्या कॅसेटवर सेकंदाला २५ चित्रे असतात. ती उगाच ३० केली की हालचाल अडखळते. जुने चित्र ४ बाय ३ मापाचे, आजचा टीव्ही १६ बाय ९ चा. चित्र ताणू नये, दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहू द्यावी. ही प्रत दोन वेगवेगळ्या घरी ठेवावी.

दुसरी टीव्हीची. एमपी-फोर हा नुसता डबा आहे. आतली भाजी कोणती, हे झाकणावरून कळत नाही. आत एच. २६४ पद्धत असेल तर बहुतेक टीव्ही ती ओळखतात. नवी एच. २६५ जुन्या टीव्हीला पचत नाही. बऱ्याच पेन ड्राइव्हची मांडणी फॅट-३२ असते. तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. सेकंदाला ८ मेगाबिट या हिशेबाने एका तासाला सुमारे ३.६ जीबी लागतात. म्हणून तीन तासांच्या लग्नाचे तासातासाचे तुकडे करून घ्यावेत.

तिसरी मोबाइलची. कंपनीच्या बसमध्ये बघणाऱ्या भावाला किंवा मराठवाड्यातल्या मावशीला दहा मिनिटांची लहान फाइल पुरे. मात्र चांगली प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असेल तर ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. २ जीबीपर्यंतची फाइल तशी न दाबता जाते.

या तिन्ही गोष्टी आगाऊ रक्कम देतानाच पावतीवर लिहून घ्याव्यात. उरलेले पैसे देण्याआधी दुकानातच फाइल लावून बघावी, आवाजासकट. यात भिडस्तपणा नको. पैसा आपल्या घामाचा आहे.

आई अजूनही ती फिल्म लावायला सांगते. चेहरा दिसत नाही, म्हणून डोळे मिटून आवाज तेवढा ऐकते. तुमच्या घरी ही वेळ येऊ नये. माळ्यावरची कॅसेट या रविवारीच खाली काढा.

सप्रेम जयभीम!