मिस्त्रीला विचारा तरी!

सभासद बंधूंनो, गळीत संपले की कारखाना मिलचे रोलर, बेअरिंग उघडतो; खर्चाला भिऊन ओव्हरहॉलिंग पुढे ढकलीत नाही. नीरा डाव्या कालव्याची पाळी यायच्या आधी आम्हीही चारी साफ करतो. मात्र ट्रॉलीचे चाक कुरकुरले, जीपचा ब्रेक ढिला पडला, की म्हणतो, "बघू, ऊसबिल आल्यावर." खरी धास्ती मिस्त्री किती आकडा सांगंल याची! मग ऐन हंगामात बारामती-इंदापूर रस्त्यावर ट्रॉली बसते. तोडलेला ऊस वाळतो. वजन घटते, उतारा पडतो. बेअरिंगपाठोपाठ एक्सलही जातो. ब्रेकची गाठ तर थेट जिवाशी. तेव्हा आधी आकडा विचारा. ब्रेक, चाके पहिली, रंगरंगोटी मागाहून. गव्हाणीत मोळी पडण्यापूर्वी एवढे कराच.